टेपखालचं शेवटचं प्रकरण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही. आणि मी कोण? ज्याच्या पोटात चाकणची बातमी मोशीपर्यंतसुद्धा टिकत नाही, असा माणूस! बोलायला बसलो की दरवेळी दुसरंच काहीतरी तोंडातून निघतं. आत्ताही तेच होणार आहे — बघशीलच.

आमची कंपनीची बस. सांगवीतून निघायची, रहाटणी, पिंपरी करत चाकणला. त्या ट्रॅफिकमध्ये माणूस एका फेरीत कादंबरी वाचून, तिच्यावर पीएचडी करून, रिटायरसुद्धा होईल. म्हणून आम्ही वाचायचो. काय वाचायचो? इन्स्पेक्टर भालदार! भाग किती आले ते लेखकालाही आठवत नसेल. पहिल्या भागापासून भालदारच्या मिशीत पांढरा केस नाही, आणि तो ज्या बंगल्यात चहाला जातो तिथं बिस्किटांच्या आधी प्रेत येतं.

आणि आमचे वाचक — काय सांगू! पेंट शॉपचा पवार दर भागात नोकरावर संशय घ्यायचा; कथेत नोकरच नसला तर लेखकाच्या नावानं बोटं मोडायचा. क्वालिटीच्या बनसोडे मॅडमना खुनाचं काही नसायचं, गालिच्यावरचा रक्ताचा डाग एका रात्रीत निघालाच कसा, यावर त्या भोसरी येईपर्यंत बोलायच्या. स्टोअरचे शिंदेसाहेब मुखपृष्ठावर जो दिसेल त्याला खुनी ठरवायचे. एकदा मुखपृष्ठावर नुसता भालदारच होता, तर हे त्याच्यावरही संशय घेऊन बसले! आणि पुस्तक संपलं की सगळ्यांचं एकच मत: "पूर्वीचा भालदार राहिला नाही राव." ही अभिप्राय देणारी माणसं! मला कीव यायची त्यांची. कीव कसली — तुच्छ वाटायची मला ती सगळी.

का वाटायची? कारण मी कधी चुकायचो नाही.

बसचा एक नियम होता. नवा भाग आला की शेवटच्या प्रकरणाला मास्किंग टेप लावायची, पवार पेंट शॉपमधून आणायचा तीच. पुस्तक पाळीपाळीनं फिरायचं. वाचून झालं की ज्यानं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून आपला खुनी जाहीर करायचा. सगळ्यांची पाळी झाली की येणाऱ्या शनिवारी, परतीच्या वाटेवर, टेप फाडून मी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायचो. आणि दरवेळी — दरवेळी! — माझाच खुनी खरा निघायचा. बस टाळ्यांनी हलायची. ड्रायव्हरसुद्धा हॉर्न द्यायचा. मला सगळे 'जासूस' म्हणायचे. मी काय म्हणायचो? "छ्या, पहिल्या प्रकरणातच कळलं. लेखक म्हातारा झालाय."

पुस्तक विकत मीच आणायचो, पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून. तिथं उभ्या उभ्या शेवटचं पान वाचायचो, मग टेप लावायचो. झालं. एवढंच होतं माझं डोकं.

पण हे काही ते नाही. ही नुसती लबाडी. हिच्यासाठी मी इतकं गप्प राहिलो नसतो. खरं पुढं आहे.

ढवळे आला. बीडकडचा, असेंब्ली लाईनवर लागलेला, आवाज असा की हायड्रॉलिक प्रेस लाजेल. त्यानं पहिल्याच पाळीला नाव घेतलं मेलेल्या शेठच्या वहिनीचं. का रे बाबा? तर म्हणे, "घरात खून झालाय. जो तो इचारतोय, कुणी केला, कुणी केला. ही बया एकदा बी इचारीना. का? तिला म्हाईत हाय म्हणून!"

पवारनं चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि मला — तुला म्हणून सांगतो — ते बघवलं नाही. मी उठलो, म्हणालो, "भावा, ही कादंबरी आहे, तुमच्याकडची चावडी नाही. खुनी डॉक्टर आहे." सगळे हसले. माझ्या बाजूनं हसले. मला खात्री होती. दुकानात शेवटचं पान पाहिलं होतं ना! भालदार डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "चला, बाहेर गाडी उभी आहे."

शुक्रवारी संध्याकाळी घरी मी टेप सोडवली. नेहमी सोडवायचो, वाचून परत चिकटवायचो. शनिवारी ठसक्यात वाचायचं तर तालीम नको? वाचत गेलो. खून वहिनीनं केला होता. पकडली कशावरून? तिनं विचारलं नाही यावरून! आणि डॉक्टर? तो बिचारा घाबरून थरथरत होता, म्हणून भालदार त्याला आपल्या गाडीतून घरी सोडणार होता.

काय झालं असतं? एकदा हरलो असतो. चिडवलं असतं चार दिवस. एवढंच ना?

मी पुस्तक माळ्यावर टाकलं. शनिवारी बसमध्ये चढलो आणि म्हणालो, काल वरच्या रॅकवर राहिलं माझ्याकडून. खाली ढवळेच बसला होता, नाही का?

एवढंच म्हणालो. बाकीचं वाचकांनी केलं. इतके हुशार वाचक, त्यांना धागा दिला की पुरे. कुणी नेलं, कुणी नेलं, अशी बसभर बोंब झाली. मग पवार म्हणाला, "ढवळे, नेलं असशील तर देऊन टाक बाबा."

"मी कशाला नेऊ?" ढवळे हसत म्हणाला. "मला खुनी म्हाईत हाय की!"

संपलं. "बघा! वाचलंच म्हणजे यानं!" शिंदेसाहेब ओरडले. ढवळे सांगत राहिला, अवो, म्हाईत हाय म्हणजे मला वळखू आला — पण कोण ऐकतंय? त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं टेपतोड्या. बसमधलं नाव गेटमधून आत गेलं, लाईनवर गेलं, कँटीनमध्ये गेलं. पुढं स्टोअरला माणूस घ्यायची वेळ आली. बसून करायचं काम. ढवळेला कंबरेच्या दुखण्यापायी ते हवं होतं, आणि पाळी त्याचीच होती. शिंदेसाहेब बसमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "टेपतोड्याला सीलबंद माल द्यायचा? एका पुस्तकाचा मोह आवरला नाही त्याला!"

बस हसली. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल?

ढवळे अजून लाईनवर उभा असतो, पट्टा बांधून. आमच्या बसनं येत नाही. पुस्तकं बंद झाली. भालदारचे नवे भाग येतात म्हणे, मी त्या दुकानाकडे फिरकत नाही. ते एक माळ्यावर आहे.

मी ज्यांची कीव करायचो, त्यांनी निदान पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं होतं.

आणि शेवटचं. त्या शनिवारी बसमध्ये जो तो विचारत होता, पुस्तक कुणी नेलं. ड्रायव्हरनंसुद्धा विचारलं. मी एकदाही विचारलं नाही. गलका थोडा बसला तेव्हा ढवळेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ पाहिलं. मग खिडकीकडे तोंड केलं.

त्याला तेव्हाच कळलं होतं.