सावलशेपटीचे मेंढपाळ

"बटाटेवडा, स्वल्पविराम, जोशीवहिनी, स्वल्पविराम, चालू साल."

पहिला घास घेण्याआधी डॉक्टर हे मोठ्यानं म्हणायचे. म्हटल्याशिवाय खायचे नाहीत. जोशीवहिनी दर वेळी लाजायच्या आणि दर वेळी त्यांच्या ताटलीत एक वडा जास्त पडायचा.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, प्राण्यांचे. म्युनिकजवळच्या एका संस्थेत वाळवंटातल्या खारी-उंदरांवर संशोधन करायचे. गाव माणदेशातलं, संसार एकट्याचा. आमच्या मंडळाचा मुलांसाठीचा रविवारचा मराठी वर्ग चर्चच्या सभागृहात भरे. किल्ली, खुर्च्या, चहा आणि कुणी कधी शिकवायचं, ही माझी कामं. शिकवायला येणाऱ्या पालकांना आदल्या दिवशी आठवण करावी लागे. डॉक्टर माझ्याआधी दारात उभे असत.

"शास्त्रात प्राण्याच्या नावामागं नाव देणाऱ्याचं नाव आणि साल लागतं," ते मुलांना सांगायचे. "माणूस मेला तरी ते पुसत नाही. हा आमच्या धंद्यातला धर्म."

तो धर्म ते सगळीकडे पाळायचे. एकदा गणपतीच्या पत्रिकेवर रांगोळीचा फोटो छापला आणि काढणारीचं नाव राहिलं, तर त्यांनी मला सगळ्या पत्रिका परत छापायला लावल्या. "अहो, रांगोळी पुसली गेली. नाव तरी राहू दे की." मी कुरकुरले, पण छापल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्रास देतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावासा वाटतो.

एका रविवारी त्यांनी आफ्रिकेतल्या वाळवंटात स्वतः काढलेली फिल्म दाखवली. बिळाबाहेर एक खार दाणे टिपत होती. सूर्याकडे पाठ, आणि झुपकेदार शेपटी डोक्यावर आडवी धरलेली.

"जर्मनांनी हिला हात लावून बघितला, केस राठ लागले, म्हणून नाव दिलं बोर्स्टनह्योर्नशन. राठ केसांची खार. इंग्रजांनी तिचं घर बघितलं आणि म्हणाले ग्राउंड स्क्विरल. तिकडचे शेतकरी शेपटीला पंखा म्हणतात. आता मराठीत काय म्हणायचं?"

"आपल्याकडे ती नाहीच," एक मुलगा म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. नावं ठेवण्यात आपण पटाईत, पण एक नाव ठेव म्हटलं की गप्प."

माझी सानिका तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. पडद्याकडे बघत ती स्वतःशीच पुटपुटली, "सावली... शेपटी. सावलशेपटी."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "परत म्हण."

"सावलशेपटी."

त्यांनी फळ्यावर लिहिलं: सावलशेपटी, सानिका, चालू साल. मग हातातला खडू तिलाच देऊन टाकला. "आता ही खार तुझी. मी मराठीत पुस्तक लिहितोय, त्यात असंच छापणार."

परतताना एस-बानच्या लोकलमध्ये ती सबंध वाटभर मराठीत बोलली. अडखळत, पण मराठीत. पुढं घरातही तसंच सुरू झालं. पुस्तक आल्यावर आजीला एकदम दाखवायचं, तोवर तिला काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली.

पुस्तक दोन वर्षांनी आलं. दिवाळीच्या कार्यक्रमात डॉक्टर त्यातलं वाचणार होते. आजीनं पाठवलेला परकर नेसून सानिका पहिल्या रांगेत बसली. डॉक्टरांनी ते पान उघडलं.

"आमच्या माणदेशातल्या मेंढपाळांच्या तोंडी सावलशेपटी असा एक जुना शब्द आहे. तोच मी या खारीला दिला आहे."

टाळ्या पडल्या. मागून कुणी तरी म्हणालं, "याला म्हणतात मातीतला शब्द."

सानिकानं माझ्याकडे पाहिलं. मी टाळी वाजवली नाही. त्या क्षणी तेवढंच सुचलं.

चहाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. "डॉक्टर, कोणते मेंढपाळ?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, समजून घ्या. म्युनिकमधल्या पोरीनं वर्गात जुळवलेला शब्द म्हटलं, तर तिकडं कोण वापरेल? हसतील. मेंढपाळांचा म्हटला की टिकतो. मला तो शब्द टिकायला हवाय हो."

"आणि तुमचा धर्म?"

"माझं नाव तर नाही ना लावलं?" ते दुखावल्यासारखे म्हणाले.

नव्हतं लावलं. लावलं असतं तर चोर म्हणून मी मोकळी झाले असते. माझ्या मुलीची मराठी मराठी म्हणून खपणार नाही, हे त्यांनी आमच्या माघारी ठरवून टाकलं होतं. तिला पहिल्यांदा ती भाषा आपली वाटली ती याच माणसामुळे.

"तिला तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

ते गेले. वाकून तिच्याशी काही बोलले, डोक्यावर हात ठेवला, पुस्तक दिलं. आत लिहिलं होतं, 'चि. सानिकास सप्रेम.' ती जर्मनमध्ये "डांके" म्हणाली. त्यानंतर ती वर्गाला आली नाही. मी मराठीत विचारलं की उत्तर पुन्हा जर्मनमध्ये येऊ लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रकल्प संपला आणि डॉक्टर भारतात परत गेले. निरोपाचा कार्यक्रम मीच आखला, कामच ते माझं. निघताना ते दाराशी रेंगाळले.

"सानिका नाही आली?"

"नाही."

"मोठी झाली असेल आता."

"झाली."

त्यांनी मान हलवली आणि बॅग उचलली. ते गेले. त्यांचे मेंढपाळ मात्र वर्षभरात आमच्या घरी पोचले.

सांगलीहून माझ्या आईचा फोन होता, स्पीकरवर. ते पुस्तक तिनं वाचनालयातून आणलं होतं. "अगं, ते सावलशेपटी वाचलं आणि माझं लहानपणच आठवलं बघ. दारावरून मेंढरं जायची ना, ते मेंढरंवाले असंच म्हणायचे. या कानांनी ऐकलंय मी."

"आई, अगं तो शब्द..."

समोर अभ्यास करणाऱ्या सानिकानं हात करून मला थांबवलं.

"लास," ती हळूच म्हणाली. राहू दे.

मग पेन्सिल उचलून ती पुढचं गणित सोडवू लागली. फोनवर आई अजून मेंढरांचंच सांगत होती.