पाडव्याचं ताट आणि आईची सुट्टी

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, अमरावतीला व्हायचं होतं. अकोल्याहून गाडीत बसले तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. घोर एकच होता. आई कॅम्पातल्या एका वकिलांकडे मुलं सांभाळायची. भल्या सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललेलं. न गेलेल्या दिवसाचा पगार कापला जायचा, आणि फार दिवस घरी राहिली तर तिच्या जागी दुसरी बाई यायची. मग बाळंतिणीजवळ सव्वा महिना बसणार कोण?

आई म्हणाली, पाडवा येऊ दे.

वडील हयातभर सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. पगार किती वाढवायचा, कपडे काय द्यायचे, सगळं बोलून झालं की तो मालकाघरी जेवतो. जेवला म्हणजे ठरलं. नाही जेवला तर दुसरं शेत बघायला मोकळा.

पाडव्याला वकिलीणबाईंनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. मी हात घालणार तोच आईनं मला चिमटा काढला. ती स्वतः हात मांडीवर ठेवून ढिम्म बसली होती. बाईंना वाटलं हिचं पोट बिघडलं, म्हणून त्यांनी ओवा आणला. मग वाटलं पुरण नको असेल, म्हणून भात वाढला. आई हलेना. मी पोटुशी, सकाळपासून उपाशी, आणि समोर ती पोळी निवत चाललेली. आईचा असा राग आला की सांगता सोय नाही.

गडबड ऐकून वकीलसाहेब आले. ते मूळचे खेड्यातले, घरी शेती. ताट बघून त्यांना हसूच फुटलं.

"अगं, हिचं साल ठरायचंय अजून," ते बायकोला म्हणाले.

मग आईनं सांगितलं. दर पाडव्याला पगार वाढवायचा, आणि लेकीच्या बाळंतपणाला सव्वा महिना पगारी सुट्टी द्यायची. वकीलसाहेब वाढीला लगेच तयार झाले, पण काम नाही तर पगार कशाचा, म्हणाले.

"तुमच्या सालदाराघरी लगन निंगालं तं तो घरी रायते," आई म्हणाली. "त्याचं साल कापता का तुमी? मंग माहंच काहून?"

वकीलसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बाईंच्या कडेवर धाकटा होता, माझ्या आईशिवाय कुणाकडे न झोपणारा. सव्वा महिना तो त्यांच्याच गळ्यात पडणार होता. बाईंनी धाकट्याला कडेवरून उतरवलं. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी आईच्या पोळीवर आणखी तूप वाढलं.

"ठरलं. जेवा आता."

मी पोळीवर तुटून पडले. आनंदानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि तोंडात घास मावत नव्हता.

वैशाखात मुलगी झाली. एका सकाळी जाग आली तर ऊन अंथरुणापर्यंत आलेलं आणि आई शेजारी चक्क घोरत होती. लहानपणी मी उठायचे तेव्हा तिची जागा रिकामीच असायची. मी घाबरून तिला हलवलं, कामाला उशीर झाला म्हणून.

"पगारी सुट्टी हाय माही," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू बी झोप."