पुड्यांत गेलेली पानं

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागते. शुद्धलेखन माझं चौथीत होतं तिथंच राहिलं आणि अक्षर त्याहून खाली गेलं. बोटांना सुई-दोऱ्याची सवय, पेनाची नाही. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. बोलायला मला जमत नाही. चार माणसांत कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवून मोकळी होते. लिहिताना निदान समोर कोणी नसतं.

मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. रोज सकाळी फुलांची पाटी घेऊन मी पंचवटीत येते. आधी पाच-सहा घरी पूजेची पुडी पोचवायची, मग बस स्टॉपजवळ पोतं अंथरून बसायचं. पुडी म्हणजे चार झेंडू, दोन शेवंती, दूर्वा, तुळस, एखादं जास्वंद. दहा रुपये. कागद लागतो तो रद्दीतला. नवरात्राच्या आधी घरोघरी साफसफाई निघते, तेव्हा वर्षाची रद्दी मिळून जाते.

गेल्या नवरात्राआधी काकूंनी मला एक मोठा गठ्ठा दिला. काकू शाळेत शिकवायच्या, आता घरीच असतात. रोजची पुडी घेतात आणि दहा रुपये रोजच्या रोज हातात ठेवतात, उधारी त्यांना आवडत नाही. गठ्ठ्यात पेपर होते आणि खाली एक जाड पुस्तक. पुस्तकाचं पान दहाच्या पुडीला बरोबर पुरतं, कापायला लागत नाही. आणि पुस्तक फाडायचं ते मागून. पुढचा पुठ्ठा गुडघ्याखाली दाबायचा, मागून एकेक पान ओढायचं. माझ्या सासूनं असंच शिकवलं, सगळ्याजणी असंच करतात. दसऱ्यापर्यंत मी त्याची किती पानं ओढली ते मोजलं नाही. नवरात्रात मान वर करायला फुरसत नसते.

दसरा झाल्यावर गिऱ्हाईक पांगलं. दुपारी बसल्या बसल्या मी ते पुस्तक पुढून उघडलं. पहिल्या पानावर एक गोल शिक्का होता, तो पुसट होता. खाली गोष्ट सुरू होत होती.

गोष्ट तुरुंगाची होती. फाशीच्या कैद्यांच्या सहा खोल्या आणि त्यांच्यावर पहारा देणारे शिपाई. देश कुठला तरी लांबचा. नावं मला उच्चारता येईनात, म्हणून मी माझी ठेवली. शेवटच्या खोलीतला उंच कैदी, त्याला लांब्या. त्याच्या दारापुढं स्टूल टाकून बसणारा शिपाई, तो टोपीवाला. बोट ठेवून मी दिवसाला दोन पानं वाचायचे, कधी एकच.

पहिल्यापासून मी गोंधळले. टोपीवाला चांगला माणूस. लांब्याला चहा देतो, त्याच्याशी पत्ते खेळतो, त्याच्या आईला पत्र लिहून देतो. त्याचं खरं काम काय, तर लांब्यानं आपल्या हातानं जीव देऊ नये म्हणून रात्रंदिवस बघत बसायचं. मरायचं तर आम्ही सांगू त्या दिवशी. मग लांब्याला ताप आला. डॉक्टर आला, सुया टोचल्या, टोपीवाल्यानं त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मी ते पान तीनदा वाचलं. वाटलं, मधली एखादी ओळ माझी सुटली असेल.

लांब्या गुन्हेगार होता की नाही, तेही मला कळेना. आधी तो म्हणतो, मी मारलं नाही. पुढं म्हणतो, मीच मारलं. मग म्हणतो, इतक्या लोकांनी इतक्यांदा विचारलं की आता माझं मलाच आठवत नाही.

दिवाळीच्या आत एका सकाळी पुडी घेताना काकू म्हणाल्या, "अगं, रद्दीत एक पुस्तक गेलं का गं तुझ्याकडे? वाचनालयाचं आहे. सापडत नाहीये."

मला तो गोल शिक्का आठवला. मी म्हणाले, "नाही, काकू."

का म्हणाले? भीती होतीच, फाडलेलं पुस्तक कसं दाखवू. पण खरं लिहायचं तर लांब्याला तेव्हा नुकताच ताप आला होता, आणि पुस्तक परत गेलं तर तो बरा झाला का ते मला कळलं नसतं.

काकूंकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी माझ्याकडून दर गुरुवारी हार घेतात. दिवाळीनंतरच्या गुरुवारी त्या पोत्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "माझे शंभर कापले बघ काकूंनी. म्हणे रद्दी तू बांधली, पुस्तक तूच घातलं. साडेतीनशेचं होतं म्हणे. दर महिन्याला शंभर कापणार."

"तुम्ही घातलं होतं का?" मी विचारलं.

"मला अक्षर येतंय का? पेपर काय न् पुस्तक काय. ढिगावर होतं ते बांधलं आसंल, नाय तर नसंल." त्यांनी हार पिशवीत ठेवला. "तू तर लय वाचतेस हल्ली. चष्मा कधी घेतेस, मास्तरीणबाई?"

पुस्तक माझ्या मांडीखाली होतं. मी हाराचे पैसे मोजून घेतले.

पुढच्या महिन्यात आणखी शंभर कापले गेले. मी रोज ठरवायचे, आज सांगू. काकूंच्या दारात गेलं की पुडी देऊन परत यायचे. मनाला म्हणायचे, एवढी उरलेली पानं होऊ देत. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दुसऱ्या बाईच्या पगारातून पैसे जाऊ देत होते आणि पुस्तकातल्या माणसासाठी मात्र रडत होते. हे कसं काय ते अजून मला सांगता येत नाही.

जेलमधले एक शिपाई रोज नाशिकरोडच्या बसआधी माझ्याकडून पुडी घेतात. फोनवरून पैसे देतात, त्यामुळे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. एकदा बस उशिरा होती. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"भाऊ, फाशीच्या कैद्याला ताप आला तर औषध देतात का हो?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, कोणी आहे का तुमचं आत?"

"नाही नाही. पुस्तकात आहे."

"हां." ते हसले. "आमच्याकडं फाशी नसते. पण कैदी आजारी पडला तर औषध द्यावंच लागतं. फाशीवाला असू दे, नाही तर पाकीटमार."

"बरा करायचा आणि मग?"

"मग माझी ड्युटी संपते. रजिस्टरात सही करायची, घरी जायचं."

बस आली. चढता चढता ते म्हणाले, "पुढं काय होतं ते मलापण सांगा."

पौषात काकूंनी तिसरे शंभर कापले. त्याच आठवड्यात मी शेवटच्या पानावर आले. लांब्यानं दयेचा अर्ज केला होता. उत्तर यायचं राहिलं होतं. पहाट झाली होती, त्याला आंघोळ घातली होती, टोपीवाला ऑफिसात बसला होता. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला आणि तो उचलायला उठला. तिथं पान संपलं. पुढं फक्त शिवणीचा दोरा होता.

मागून पानं ओढताना शेवटच आधी जातो, हे मला इतके दिवस कसं सुचलं नाही? हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. कोणाच्या पुडीत ते पान गेलं असेल, तिनं देवापुढं फुलं वाहून कागद कुठं टाकला असेल, हे मी रात्रभर धरून बसले. आता वाचायचं काही उरलं नव्हतं, म्हणजे न सांगायला कारणही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुडीबरोबर पुस्तक काकूंच्या हातात दिलं. मावशी आत भांडी घासत होत्या.

काकूंनी ते उलटसुलट केलं. "हे काय? मागचं सगळं कुठंय?"

"पुड्यांत गेलं."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. तुमच्यापण."

"म्हणजे नवरात्रभर माझंच पुस्तक माझ्या हातात ठेवत होतीस तू? आणि मी विचारलं तेव्हा?"

भांड्यांचा आवाज थांबला आणि मावशी दारात आल्या. मग मी म्हणाले, "मावशींचे परत द्या. माझे घ्या."

काकूंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग आत गेल्या आणि तीनशे रुपये आणून मावशींच्या ओल्या हातात दिले. मावशींनी ते कमरेला खोचले. मला वाटलं, आता त्या मला बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मी रोज आठवायचे गं, घातलं का नाय. आता आता तर वाटायला लागलं, घातलंच आसंल मी."

मला लांब्या आठवला. पण ते तिथं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"शेवट काय होता, काकू?" मी विचारलं. एवढं झाल्यावर विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मला काय माहीत. चाळीस पानं वाचून ठेवून दिलं मी. फार उदास होतं." मग त्यांनी विचारलं, "साडेतीनशे कसे देणार आहेस?"

"पुडी दहाची. पस्तीस दिवस."

शिपाईभाऊंना मी सांगितलं, फोन वाजला, पुढचं माहीत नाही. ते म्हणाले, "मग त्याला फोन उचलूच देऊ नका." असं म्हणून ते बसमध्ये चढले. मला त्याचाही अर्थ नीट लागला नाही.

पस्तीस दिवस मी पुडी दिली आणि काकूंनी नुसती घेतली. एकदाही चुकवली नाही, पाय मुरगळला त्या दिवशी मुलीला पाठवलं. पस्तिसाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "फिटले गं तुझे." छत्तिसाव्या दिवशी त्यांनी दहाची नोट पुढं केली. ती मी घेतली.