किल्लीवाल्या आत्याचं अपील

आमची आत्या किल्ल्या बनवते. नवरा गेल्यावर तिने त्याची टपरी उघडली आणि कानस हातात घेतली. 'हे बाईमाणसाचं काम नाही' म्हणणारेही पुढे किल्ली हरवली की मुकाट्याने तिच्याचकडे येऊ लागले. तिच्या तोंडाला मात्र सगळे वचकून असतात, मीसुद्धा.

त्या टपरीवर एकदा नगरपालिकेने हुकूम चिकटवला: फुटपाथ मोकळा करायचाय, टपरी हटवा. हरकत असेल तर अपील करा. आत्याने लगेच अपील केलं. या कोपऱ्यावरून उठलं की गिऱ्हाईक तुटलं, आणि गिऱ्हाईक तुटलं की चूल बंद, एवढा साधा हिशेब होता.

तेवढ्यात फुटपाथचा कारभार पालिकेकडून रस्ते खात्याकडे गेला. पालिकेचा साहेब म्हणाला, "आता ते बघतात. अपील तिकडे." रस्त्याचा साहेब म्हणाला, "हुकूम आमच्याकडे काम येण्याआधीचा. ज्यांनी काढला त्यांना विचारा." दोन्ही कचेऱ्या समोरासमोर, आणि आत्याचे हेलपाटे काही संपेनात. टपरी उचलायची म्हटली की मात्र दोन्हीकडची माणसं येऊन दम देऊन जायची! माझं डोकं फिरायचं. आत्याला उलट चेवच यायचा.

शेवटी ती मला सोबत घेऊन रस्त्याच्या साहेबासमोर ठाण मांडून बसली. "माझ्याबरोबर समोरच्या कचेरीत चला. नाहीतर मी इथंच धंदा लावते."

पिशवीतून कानस काढून तिने खरंच किल्ली घासायला घेतली. त्या आवाजाने अख्ख्या कचेरीचे दात आंबले. साहेब उठला.

पालिकेत दोन्ही साहेब समोरासमोर आले. आत्या उभीच राहिली.

"हा हुकूम तुमचा?"

"आता आमच्याकडे ते काम नाही," पालिकेचा साहेब म्हणाला.

"मग तुमचा?"

"आम्ही काढलेलाच नाही," दुसरा म्हणाला.

"बरं. मग माझं अपील नामंजूर तरी करा. कोण करतंय?"

दोघांनी अपिलाचा कागद एकमेकांकडे सरकवला. नामंजूर करायचं तर आधी 'हे माझं काम' म्हणावं लागलं असतं, आणि तेच दोघांना नको होतं. मला आत्याचा इतका अभिमान वाटला की हसू आवरेना.

आत्याने पिशवी खांद्याला लावली.

"मग मला उठवणारं कुणीच नाही तर! ज्याला उठवायचं असेल त्याने आधी हुकूम माझा म्हणून सांगावं, मग टपरीला हात लावावा. मी बसलेय."