सदूची नवी जागा

बाई, आम्ही पातूर सोडलं त्या सकाळी तू वेशीपर्यंत आली होतीस. गाडीत काय कुठे ठेवायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं: तळाशी जातं, त्यावर धान्य, वर भांडी. सगळं लागलं, तेवढ्यात माय म्हणाली, "अन् सदूले कुठं ठेवशील?"

मी बैल हाकले.

सातासमुद्रापलीकडे लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इकडे कापसाचं सोनं झालं. आपण कसत होतो तो मळा मालकाने परत घेतला आणि वांगी, झेंडू उपटून तिथे कापसाची पराटी लावायला घेतली. मला अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्या उतरवून घ्यायचं काम मिळालं. जाणं भाग होतं. पण मायच्या ओव्यांत घरचा प्रत्येक गेलेला माणूस कुठेतरी बसलेला असे, तुला ठाऊकच आहे. आबा विहिरीवरच्या उंबरात. जरीमरीच्या साथीत गेलेला आपला भाऊ सदू मळ्यातल्या चिंचेवर, तो चारा घालायचा त्या साळुंक्यांत.

अमरावतीत माय मुक्यानेच दळू लागली. तुझी वहिनी पार्वती मला हळूच म्हणाली, "मायवर नजर ठेवा. घरामागं विहीर हाय."

त्यात हिवाळ्यात पातूरचा एक गाडीवान आमच्याकडे जेवायला बसला. "आजी, सरकीले बी भाव आला, लोक तूप खाऊन राहिले, अन् तुमी अजून चटणीच वाढून राहिल्या?" असं हसत म्हणाला, आणि त्याच दमात, "तुमची चिंच गेली बरं का. तिथं आता पराटी हाय."

माय रडली नाही. तिने त्याला आणखी भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडं होतं. मी आधी विहिरीवर गेलो. पाणी हलत नव्हतं, तरी पोहरे काढायचा गळ सोडून फिरवला. काही लागलं नाही. मग ओढा पाहिला. मग बाजार. गाड्यांच्या रांगेपलीकडे, बाभळीखाली, माय मान वर करून उभी होती.

"माय! इथं काहून आली?"

"वरडू नको. उडून जाईन ते."

वर साळुंकी होती. माय म्हणाली, "आपल्या चिंचेवरची हाय. गाड्यांमागं आली."

इतक्या लांब साळुंकी येत नाही. अमरावतीत साळुंक्या काय कमी आहेत? माय माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"हो माय," मी म्हणालो. "तेच हाय."

घरी येऊन ती जात्यावर बसली. ही ओवी तुझ्यासाठी होती, म्हणून लिहून पाठवतो:

मळ्यातली चिंच गेली, नको रडू लेकी आता
सदू माझा साळुंकीत, बाभळीच्या बसे माथा

आता मायही गेली. पार्वती दळताना ओवीत तिला त्याच बाभळीच्या सावलीत बसवते. परत कधी येता, असं तू पुन्हा विचारलंस. आता या दोघांना उठवून कुठे नेऊ? तूच ये. आमचं घर कुणाला विचारू नकोस, बाजाराच्या कडेची बाभूळ विचार. तिथून आमचं दार दिसतं.