धोंडाबाईनं दाखवलेली जागा

विंझरच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून एक वाडी आहे, पस्तीस उंबऱ्यांची. नळाची योजना तिथं दोनदा आली आणि पाइप टाकून निघून गेली. पाणी राहिलं ते झऱ्याचंच. आणि झरा म्हटला की धोंडाबाई. पासष्टीची, काटक, तोंडानं फटकळ. दर चैत्रात झऱ्यातला गाळ काढायला बायका उतरल्या की हुकूम तिचा. कुणी हात आखडला, तर तिच्या माहेरचाही उद्धार व्हायचा.

गाळ निघाला की धोंडाबाई एकटीच दोन बांध वर जायची, करवंदीच्या जाळीमागं. झऱ्याची नस तिथून येते, हे तिच्या सासूनं तिला हाताला धरून दाखवलं होतं. तिथं साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात शेंदरी दगड. ही जागा तिच्या घरातल्या एकाच बाईला ठाऊक असायची, पुरुषांना तर नाहीच. रिवाजात सूट एवढीच होती की पोटुशी बाई आसरांची ओटी भरायला आली, तर तिला वर न्यायचं. तिला नाही म्हणणं पाप. आणि ती बाळंत होईस्तोवर त्या ओटीची वाच्यता करायची नाही, नाहीतर बाळाला बाधतं.

गेल्या वर्षी वरचा माळ विकला गेला. बंगल्यांची स्कीम आली. फलकावरच्या चित्रात प्रत्येक बंगल्यापुढं निळाशार पोहण्याचा तलाव. वाडीनं पाहिलं आणि हसून सोडून दिलं. स्कीमवरचा मंदार नावाचा साहेब मात्र गोड पोरगा. धोंडाबाईला मावशी म्हणायचा, ओट्यावर बसून बिनदुधाचा चहा प्यायचा. दिवाळीनंतर तो एका मुलीला घेऊन आला. हिरवी साडी, डोक्यावर पदर.

"मावशी, ही मिताली. पाचवा लागलाय. हिच्या आईचा नवस आहे, आसरांची ओटी भरायची."

धोंडाबाई विरघळली. कुणी शहरातलं माणूस आपल्या देवाला मानतंय, याचं तिला कोण अप्रूप! तिनं स्वतःच्या हातानं मितालीला करवंदीतून वर नेलं, दगडांपुढं बसवून ओटी भरायला लावली, पोटावरून हात फिरवून आशीर्वाद दिला. मागोमाग आलेल्या मंदारला त्या भरात तिनं अडवलं नाही; त्यानं मोबाईलवर फोटो काढला. तेवढंच.

माघात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. शिमग्याला थेंबावर आली. दुष्काळातही न आटलेला झरा! बायका रिकामे हंडे घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. भांडायचंही कुणाला सुचेना.

वर बोअर मारलीय अशी कुणकुण लागली, तशी सगळी वाडी माळाकडं निघाली, पुढं धोंडाबाई शिव्या देत. करवंदीची जाळी साफ केलेली होती. सात दगडांपासून पाच हातांवर जमिनीतून जाड पाइप वर आलेला, त्याला मोटर. धोंडाबाईची शिवी तोंडातच राहिली. ती मटकन खाली बसली.

"आत्ती, दम लागला व्हय?" सून मंगलनं विचारलं.

"व्हय."

तिनं मंगललाही सांगितलं नाही. ओटीची वाच्यता करायची नाही, हे खरंच. पण दुसरंही खरं होतं, की तिची भीतीनं गाळण उडाली होती. ज्या वाडीला आयुष्यभर दरडावलं, तिला काय सांगायचं? पाणी म्याच दाखवून आले? वाडी अकरा दिवस रस्त्यावर बसली, स्कीमची एक गाडी वर जाऊ दिली नाही. धोंडाबाई सगळ्यांच्या पुढं बसायची आणि गप्प असायची. लोक म्हणायचे, म्हातारीनं लई मनाला लावून घेतलंय.

शेवटी वैशाखात वेल्ह्याच्या तहसील कचेरीत सुनावणी लागली. तहसीलदार साहेब सरळ बोलला, की ही बोअर तुमच्याच झऱ्याचं पाणी ओढते, याचा पुरावा द्या. वाडीकडं पुरावा कुठला? रिकामे हंडे तेवढे होते. मग कंपनीच्या वतीनं एक तरुण वकीलबाई उठली. काळा कोट, कापलेले केस.

"झऱ्याचा उगम कुठे आहे, हे आमच्या अशिलांना माहीतच नाही. बोअरची जागा यंत्राने ठरवली. गावातल्या कोणाशीही त्याबाबत संपर्क झालेला नाही."

आवाज ऐकून धोंडाबाईनं मान वर केली. डोळे बारीक करून पाहिलं. ती उठली, टेबलाशी गेली. शिपाई आडवा आला, त्याला तिनं हातानं बाजूला सारलं.

"मिताली? आगं, बाळ कसं हाय?"

वकीलबाई पांढरीफटक पडली. तिच्या मागं बसलेला मंदार खाली बघायला लागला.

"बाळ हाय का न्हाई? म्या सहा म्हैने कुनाला सांगितलं न्हाई, तुज्या बाळाला बादंल म्हून! वाडी तहानली तरी गप बसले!" तिचा आवाज फाटला. "आगं, झालं का न्हाई बाळ?"

मितालीनं मानेनंच नाही म्हटलं.

मंगलनं तोंडाला पदर लावला. पोटुशीचं असलं सोंग कुणी करू शकतं, हे वाडीच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"आजी, तुम्ही हिला ओळखता?" साहेबानं विचारलं.

धोंडाबाईनं मागं वळून पाहिलं. तिची सगळी वाडी तिच्याकडंच बघत होती. मग ती साहेबाकडं वळली.

"लिव्हा सायेब. झऱ्याची नस ह्या दोगांस्नी म्या दाखिवली. हाताला धरून नेलं. दिवाळीच्या मागनं. मंदारच्या मोबाईलात फोटू आसंल."

साहेबानं लिहिलं, वाचून दाखवलं आणि तिला विचारलं, "बरोबर आहे?"

"बरूबर हाय. आन् खाली आसं बी लिव्हा, वाडीतल्या कुनाचा ह्यात दोस न्हाई. येकटीचा माजा."