जावेची जपमाळ

थोरली सून जपमाळा दुरुस्त करायची. चर्चच्या फाटकाजवळ मेणबत्त्यांचं दुकान होतं, तिथे खिडकीखालच्या टेबलावर बारीक पक्कड आणि तारेची रिळं घेऊन ती बसे. तुटलेली कुठलीही माळ एका दुपारीत जोडून देई. घरी मात्र तिच्या हाताला यश नव्हतं, असं तिचं स्वतःचंच म्हणणं होतं.

सासूबाईंची नजर गेली होती आणि दोन महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना भरवणं, पुसणं, चादरी धुणं, सगळं थोरलीकडे. धाकटी संध्याकाळी कामावरून यायची, हात धुवायची आणि बिशपांनी आशीर्वाद दिलेली काळपट लाकडी जपमाळ घेऊन उशाशी बसायची. पाच मिनिटांत म्हातारीचा श्वास शांत. दिवसभर एकच धोसरा, "धाकटी आली का?" आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्या धाकटीनेच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डोळे मिटण्याआधी सासूबाईंनी एकदा तरी आपल्याला हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच मिळत नव्हतं.

तिने ठरवून टाकलं, गुण माळेचा आहे. धाकटीत कसला आलाय?

मग एके दिवशी त्या माळेची तार तुटली आणि धाकटीने ती विश्वासाने जावेच्याच हातात दिली. थोरलीने डब्यातले जुने मणी निवडले, चहाच्या पाण्यात मुरवले, तेलाने चोळले आणि हुबेहूब दुसरी माळ ओवली. दहा मणी, मधे एक सुटा, पुन्हा दहा. वीस वर्षांच्या सवयीने हात न मोजता चालत होते. नवी माळ धाकटीला गेली, खरी तार जोडून थोरलीच्याच पर्समध्ये राहिली.

आठवडाभर थोरली दुपारी दुकानात न जाता ती माळ मुठीत धरून उशाशी बसली. प्रार्थना कमी, पहारा जास्त. आता हाक मारतील, मग मारतील. म्हातारी कूस बदलून विचारायची, "धाकटी आली का?" आणि संध्याकाळी धाकटी ती तेल-चहाची माळ घेऊन बसली, की श्वास पुन्हा शांत.

थोरली चिडून फादरांकडे गेली. "तार तुटली की माळेचा आशीर्वाद जातो का हो?"

"नाही जात," फादर म्हणाले. "पण ती औषधाची बाटली नाही, बाई. माळ श्रद्धेला सोबत करते. श्रद्धाच घरी बसली असेल, तर माळ एकटी कुठे जाणार?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने माळ धाकटीपुढे ठेवली. "ही तुझी. मी बदलली होती."

"मला पहिल्याच दिवशी कळलं," धाकटी भांडी घासता घासता म्हणाली. "माझ्या माळेत तिसऱ्या दहात अकरा मणी आहेत. ओवणाऱ्याची चूक. तुम्ही बरोबर दहा ओवलेत. तुमच्या हातून चूक कशी होणार?"

आठवडाभर माळ थोरलीच्या हातात होती. तो जास्तीचा मणी तिच्या बोटांना एकदाही लागला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला जास्त गरज असेल."

"आणि त्या साध्या माळेवर जप करत राहिलीस?"

"माळ साधी होती. आई तर खऱ्याच आजारी होत्या ना."

हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. चांगुलपणातही हीच पुढे.

तेवढ्यात आतून हाक आली, "धाकटे!"

"माझे हात खरकटे आहेत," धाकटी म्हणाली. "ती माळ घ्या आणि तुम्हीच जा."

थोरली जाऊन उशाशी बसली. म्हातारीने चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. "धाकटे, आलीस?"

'मी थोरली' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"आले, आई," ती म्हणाली, आणि तिने पहिला मणी धरला.